इंग्लंडमधल्या फ्लॅटची लीज वाढवताना: आधी तारखा, मग नोटीस, मग घासाघीस

लीज वाढवणं अवघड काम नाही. पण त्याचा क्रम उलटा झाला की ते महाग पडतं, आणि तो उलटाच होताना दिसतो. फ्लॅटमालक आधी फ्रीहोल्डरला (इमारत आणि जमीन ज्याच्या मालकीची त्याला) ई-मेल करून ‘किती पैसे घ्याल?’ असं विचारतो. उत्तराला दोन-तीन महिने लागतात, आलेला आकडा डोळे फिरवणारा असतो, मग व्हॅल्युअरचा, म्हणजे मूल्यांकन करणाऱ्या तज्ज्ञाचा, शोध सुरू होतो. एवढ्यात ८० वर्षांच्या जरा वर असलेली लीज खाली घसरलेली असते.

हा लेख इंग्लंड आणि वेल्समधल्या फ्लॅटपुरता आहे. स्कॉटलंडमध्ये फ्लॅट अशा लीजवर विकले जात नाहीत आणि उत्तर आयर्लंडचा कायदा निराळा आहे. नवी मुंबईत सिडकोच्या जमिनीवर घर घेतलेल्यांना एक गोष्ट आधीच सांगायला हवी. तिथे लीज जमिनीची असते आणि कागदपत्रांचा भार बराचसा सोसायटी उचलते. इथे लीज तुमच्या एका फ्लॅटची असते. शेजाऱ्याने त्याची वाढवली म्हणून तुमची वाढत नाही, आणि संपत आल्याची आठवणही कोणी करून देत नाही.

## १. उरलेली वर्षं स्वतः मोजा

एजंटच्या जाहिरातीतला किंवा घेताना कोणीतरी सांगितलेला आकडा धरून चालू नका. सरकारी संकेतस्थळावरून एचएम लँड रजिस्ट्रीकडून फ्लॅटचं टायटल रजिस्टर, म्हणजे मालकीच्या नोंदीचा उतारा, मागवा. सध्या त्याला ७ पौंड लागतात. सरकारी असल्याचा भास निर्माण करून तिप्पट-चौपट पैसे घेणारी खासगी संकेतस्थळं बरीच आहेत, तेव्हा पत्ता नीट पाहा. रजिस्टरसोबत मूळ लीजचीही प्रत मागवा.

लीजमध्ये दोन तारखा असतात. एक सही झाल्याची आणि दुसरी मुदत सुरू झाल्याची. मोजणी दुसरीपासून करायची. समजा, लीजवर सही १९८६ मध्ये झाली, पण आत लिहिलंय ‘२५ मार्च १९८३ पासून १२५ वर्षं’. ही लीज २४ मार्च २१०८ ला संपते. सहीपासून मोजणारा मालक स्वतःला तीन वर्षं जास्त देऊन बसतो. प्रत्यक्षात ही लीज मार्च २०२८ च्या शेवटच्या आठवड्यातच ८० ची रेषा ओलांडेल.

या ८० ला एवढं महत्त्व का, ते पाचव्या टप्प्यात आकड्यांनिशी येईल. तूर्त एवढंच ध्यानात ठेवा की लीजवाढ मागणारी नोटीस (सातवा टप्पा) बजावली जाते त्या दिवशी लीजची ८० वर्षांपेक्षा जास्त मुदत शिल्लक हवी. बरोबर ८० असून चालत नाही.

तपासा: तुमच्याकडे ‘शेअर ऑफ फ्रीहोल्ड’ असला तरी फ्लॅटची लीज वेगळी असते आणि तिची वर्षं कमी होतच राहतात. इमारतीच्या कंपनीत वाटा आहे म्हणून निर्धास्त राहिलेले मालक विकायला निघाल्यावरच जागे होतात. अशा ठिकाणी वाढ सहसा स्वस्तात, सगळ्यांच्या संमतीने होते. पण ती मागावी लागते आणि रजिस्टरही करावी लागते.

## २. हक्क आहे का, आणि तो कोणाविरुद्ध

१९९३ च्या लीजहोल्ड रिफॉर्म, हाउसिंग अँड अर्बन डेव्हलपमेंट ॲक्टनुसार, मूळ मुदत २१ वर्षांपेक्षा जास्त असलेल्या फ्लॅटच्या लीजधारकाला उरलेल्या मुदतीवर आणखी ९० वर्षं मागता येतात आणि ग्राउंड रेंट, म्हणजे फ्रीहोल्डरला द्यायचं वार्षिक भाडं, शून्यावर येतं. कागदावर त्याला पेपरकॉर्न रेंट म्हणतात. फ्लॅटमध्ये स्वतः राहण्याची अट नाही. पुण्याला परतून फ्लॅट भाड्याने दिलेल्यांनाही हा हक्क आहे.

पूर्वी फ्लॅट दोन वर्षं नावावर असावा लागे. ती अट ३१ जानेवारी २०२५ पासून गेली, तरी जुन्या लेखांत आणि कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटांत ती अजून फिरते आहे. शेअर्ड ओनरशिपचा (काही हिस्सा विकत, उरलेला भाड्याने) फ्लॅट, नॅशनल ट्रस्टची मालमत्ता आणि धर्मादाय गृहसंस्थेची घरं यांचे नियम वेगळे आहेत. तुमचा फ्लॅट त्यात मोडत असेल तर पुढचं काही करण्याआधी सॉलिसिटरचा सल्ला घ्या.

आता ‘कोणाविरुद्ध’. दरवर्षी बिल पाठवणारी मॅनेजिंग एजंटची कंपनी तुमची फ्रीहोल्डर असेलच असं नाही. मोठ्या इमारतींत तर फ्रीहोल्डर आणि तुमच्यामध्ये आणखी एक हेडलीजधारक (फ्रीहोल्डरकडून मोठी लीज घेतलेला) असू शकतो. त्याच्या हातातली मुदत तुमच्यापेक्षा किमान ९० वर्षांनी जास्त असेल, तर कायद्याने नोटीस घेणारा तोच. ग्राउंड रेंटच्या मागणीपत्रावर घरमालकाचं नाव-पत्ता छापणं बंधनकारक आहे, तिथून सुरुवात करा आणि इमारतीच्या फ्रीहोल्ड टायटलशी ताडून पाहा. तरी गोंधळ राहिला तर सॉलिसिटर याच कायद्याच्या कलम ४१ खाली माहिती मागवतो. समोरच्याला २८ दिवसांत उत्तर द्यावं लागतं, आणि या मागणीने तुम्ही कशालाही बांधले जात नाही.

फ्रीहोल्डर सापडतच नसेल, तरीही काम अडत नाही. काउंटी कोर्टाकडे अर्ज करून वाढ मिळवता येते. वेळ मात्र जास्त लागतो.

## ३. नव्या कायद्यासाठी थांबायचं का

सध्या सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. २०२४ च्या लीजहोल्ड अँड फ्रीहोल्ड रिफॉर्म ॲक्टमध्ये ९० ऐवजी ९९० वर्षं आहेत आणि मॅरेज व्हॅल्यू (८० किंवा कमी वर्षं उरली की द्यावी लागणारी जास्तीची रक्कम) रद्द करण्याची तरतूदही आहे. कायदा मंजूर झाला, पण ही कलमं हा लेख लिहिताना लागू झालेली नाहीत. हिशेबात कोणते दर धरायचे, तेही सरकारने अजून ठरवून द्यायचं आहे. तुम्ही हे वाचाल तेव्हा काय स्थिती आहे, ते सरकारी अनुदानावर चालणाऱ्या लीजहोल्ड ॲडव्हायझरी सर्व्हिसच्या संकेतस्थळावर पाहा. तिथला प्राथमिक सल्ला फुकट असतो.

माझं मत असं. लीज ८० आणि ८५ च्या मध्ये असेल तर थांबण्यात शहाणपण नाही. नवा कायदा वेळेत आला तर फायदा थोडा, नाही आला तर नुकसान मोठं. लीज १०० च्या वर असेल तर घाई कशाचीच नाही. ८० च्या खाली गेलीच असेल आणि नजीकच्या काळात विकायचं किंवा रीमॉर्गेज करायचं नसेल, तर थांबणं हा खरा पर्याय आहे, पण व्हॅल्युअरकडून दोन्ही बाजूंचे आकडे काढून घेतल्यावरच. ७० च्या आसपास लीज असलेल्या फ्लॅटवर मॉर्गेज द्यायला बऱ्याच बँका कुरकुरतात. प्रत्येक बँकेची किमान मर्यादा वेगळी असते. तुमच्या मॉर्गेजचा स्थिर व्याजदर कधी संपतो ती तारीखही या निर्णयात धरा.

## ४. माणसं निवडा: आधी व्हॅल्युअर

घर घेताना ज्या सॉलिसिटरने काम केलं त्यालाच हे देण्याची सवय असते. पण या कामात नोटिशीतल्या एका चुकीने वर्ष जातं. नेहमी हेच काम करणारा माणूस पाहा. असोसिएशन ऑफ लीजहोल्ड एनफ्रँचाइझमेंट प्रॅक्टिशनर्स या संघटनेच्या यादीत असे सॉलिसिटर आणि व्हॅल्युअर सापडतात. व्हॅल्युअर आरआयसीएसचा (रॉयल इन्स्टिट्यूशन ऑफ चार्टर्ड सर्व्हेयर्स) सदस्य असावा आणि तुमच्या भागातले फ्लॅट त्याला ठाऊक असावेत.

लीजवाढीची नोटीस कायद्याच्या कलम ४२ खाली जाते, म्हणून दोघांनाही विचारायचा प्रश्न एकच: ‘गेल्या वर्षभरात फ्लॅटच्या किती कलम ४२ नोटिसा हाताळल्या?’ उत्तर देताना अडखळला, तर पुढचं दार ठोठवा.

सावधान: इंटरनेटवरचे कॅल्क्युलेटर अंदाजासाठी ठीक आहेत. त्यांचा आकडा नोटिशीत घालू नका.

## ५. खर्चाचा आकडा समजून घ्या

फ्रीहोल्डरला द्यायच्या रकमेला प्रीमियम म्हणतात. त्यात तीन भाग असतात. बुडणाऱ्या ग्राउंड रेंटची आजची किंमत, फ्रीहोल्डरला फ्लॅट परत मिळण्याची वेळ ९० वर्षं पुढे गेल्याची भरपाई, आणि लीज ८० किंवा कमी असेल तर मॅरेज व्हॅल्यू. ही शेवटची म्हणजे लीज वाढल्यामुळे जी किंमत नव्याने तयार होते, तिचा निम्मा वाटा.

समजा, लांब लीजसह फ्लॅटची किंमत ३,००,००० पौंड आहे आणि ग्राउंड रेंट वर्षाला २०० पौंड, कधीच न वाढणारं. लीजची ८२ वर्षं उरली आहेत. फ्लॅट परत मिळण्याचा भाग ५ टक्के दराने मागे आणतात, म्हणजे त्याची आजची किंमत काढतात. हा दर २००७ च्या स्पोर्टेली निकालापासून फ्लॅटसाठी रूढ आहे. तो भाग सुमारे ५,४०० पौंडांचा होतो. ग्राउंड रेंटसाठी ६ टक्के धरला तर आणखी ३,३००. एकूण साधारण ८,७०० पौंड.

हाच फ्लॅट ७८ वर्षांवर आला की पहिले दोन भाग मिळून ९,९०० च्या आसपास जातात. इथवर फार काही बिघडलेलं नाही. पण आता मॅरेज व्हॅल्यू लागते. वाढवलेल्या लीजसह फ्लॅट २,९७,००० चा आणि आहे त्या लीजसह २,७०,००० चा धरला, तर फरकातून पहिल्या दोन भागांची रक्कम वजा जाऊन उरलेल्यातला फ्रीहोल्डरचा निम्मा वाटा साधारण ८,५०० पौंड येतो. एकूण १८,४०० च्या घरात. चार वर्षांत रक्कम दुपटीच्याही वर गेली, आणि त्यातली बहुतेक वाढ त्या एका रेषेमुळे.

ही उदाहरणातली आकडेमोड आहे. ग्राउंड रेंट दर काही वर्षांनी दुप्पट होणारं असेल तर पहिला भागच फुगतो. उलट काउन्सिलकडून राइट टू बायमध्ये (भाडेकरूने काउन्सिलचं घर विकत घेण्याची योजना) घेतलेल्या फ्लॅटचं ग्राउंड रेंट सहसा वर्षाला १० पौंड असतं, तिथे तो भाग नगण्य.

प्रीमियमशिवाय तुमचा सॉलिसिटर, तुमचा व्हॅल्युअर आणि फ्रीहोल्डरचा वकिली व मूल्यांकनाचा वाजवी खर्च, हे सगळं तुमच्याकडून जातं. समोरच्याचा खर्च आपण का द्यायचा, असा राग येतो. आजच्या कायद्यात तो द्यावाच लागतो, मात्र ट्रायब्युनलपुढच्या (न्यायाधिकरण, नववा टप्पा) भांडणाचा त्याचा खर्च त्यात धरत नाहीत. सगळा मिळून काही हजार पौंड बाजूला ठेवा. प्रीमियम मॉर्गेज वाढवून भरणार असाल तर बँकेशी आत्ताच बोला. सगळं ठरल्यावर बँकेकडे गेलात तर मुदत हातातून निसटू शकते.

## ६. फ्रीहोल्डरची गोड ऑफर आली तर

मध्येच एक पत्र येतं: ‘नोटिशीच्या भानगडीत कशाला पडता? आपण आपसांत उरकून टाकू.’ आपसातली वाढ बेकायदा नाही, कधी कधी ती खरोखर स्वस्त आणि लवकरही होते. पण पत्रात काय नाही ते वाचा. ९० वर्षं मिळवण्याऐवजी लीज पुन्हा ९९ किंवा १२५ वर नेऊन ठेवलेली असते, म्हणजे हातात पडतात वीस-चाळीस वर्षं. ३० जून २०२२ पासून वाढीव मुदतीवर ग्राउंड रेंट लावता येत नाही. पण जुन्या मुदतीची जेवढी वर्षं उरली तेवढ्यांवर जुनं रेंट चालू ठेवता येतं, आणि ठेवतातही. नव्या लीजमध्ये पोटभाडेकरूची परवानगी, नोंदणीची फी अशी जास्तीची कलमं शिरतात. शिवाय या मार्गात कसलीही मुदत नसते. फ्रीहोल्डर सहा महिने गप्प बसला तरी काही करता येत नाही.

माझा सल्ला असा की लीज ८० च्या जवळ असेल तर आधी नोटीस बजावा आणि मग खुशाल आपसात बोला. नोटिशीने मूल्यांकनाची तारीख गोठते. आपसातला सौदा केलाच, तर तुमच्या मॉर्गेज बँकेची लेखी संमती लागेल. कायद्याच्या मार्गात मॉर्गेज आपोआप नव्या लीजवर जातं, तरी बँकेला कळवायचंच.

## ७. कलम ४२ ची नोटीस

सगळ्या कामाचा भार या कागदावर आहे. त्यात फ्लॅटचा पत्ता, लीजचा तपशील, मालकांची नावं, देऊ केलेला प्रीमियम, नव्या लीजच्या अटी, तुमच्या प्रतिनिधीचं नाव आणि फ्रीहोल्डरने उत्तर कधीपर्यंत द्यायचं ती तारीख हवी. नेहमी चुका होतात त्या अशा.

नावं. फ्लॅट नवरा-बायको दोघांच्या नावावर असेल तर नोटीस दोघांची. एक जण भारतात असेल म्हणून खोळंबू नका. २०१४ च्या दुरुस्तीनंतर सॉलिसिटरला मालकांच्या वतीने सही करता येते, मात्र दोघांची लेखी सूचना त्याच्याकडे हवी.

आकडा. घासाघिशीसाठी कमी आकडा लिहिणं रास्त आहे. हास्यास्पद आकडा लिहिला तर नोटीसच अवैध ठरू शकते. १९९८ च्या कॅडोगन विरुद्ध मॉरिस खटल्यात अपील कोर्टाने हेच सांगितलं: प्रस्ताव खरा हवा. व्हॅल्युअर जो पट्टा देईल त्याच्या खालच्या टोकाला राहा, त्याच्याही खाली जाऊ नका.

उत्तराची तारीख. नोटीस मिळाल्यापासून किमान दोन महिने. पोस्टात टाकल्यापासून मोजलं आणि दोन दिवस कमी पडले तर सगळं मुसळ केरात. आठ-दहा दिवस जास्तच ठेवा.

गॅरेज आणि बाग. लीजमध्ये फ्लॅटबरोबर दिलेलं गॅरेज, गाडीची जागा, बागेचा तुकडा नोटिशीत आहे का ते लीजच्या नकाशावरून पाहा. गॅरेजची लीज वेगळी असेल तर सॉलिसिटरला ते आधीच सांगा.

प्रती. लीजवर तिसरा पक्ष म्हणून मॅनेजमेंट कंपनीची सही असेल तर तिलाही प्रत जाते.

नोटीस पोहोचल्याचा पुरावा जपून ठेवा आणि त्याच आठवड्यात सॉलिसिटरकरवी ती फ्रीहोल्ड टायटलवर लँड रजिस्ट्रीत नोंदवून घ्या. हे बरेच जण विसरतात. नोंद नसताना फ्रीहोल्ड मध्येच विकलं गेलं तर नवा मालक तुमची नोटीस मानायला बांधील राहत नाही.

फ्लॅट विकत घेणार असाल तर: विक्रेत्याला नोटीस बजावायला सांगून तिचा लाभ फ्लॅटबरोबर आपल्याकडे घेण्याची सोय आहे. दोन वर्षांची अट गेल्यामुळे ती पूर्वीइतकी लागत नाही, पण खरेदी पूर्ण होण्याआधीच लीज ८० खाली जाणार असेल तेव्हा तीच कामी येते. लाभ आणि फ्लॅट एकाच वेळी हस्तांतरित झाले पाहिजेत. नंतर केलेली चिठ्ठी चालत नाही.

## ८. नोटिशीनंतरचे दिवस

आता फ्रीहोल्डरच्या हातात काही गोष्टी येतात. तो अनामत मागू शकतो: देऊ केलेल्या प्रीमियमच्या १० टक्के किंवा २५० पौंड, जे जास्त असेल ते. भरायला १४ दिवस मिळतात. मालकीचा पुरावा मागितला तर २१ दिवसांत द्यायचा. त्याचा व्हॅल्युअर फ्लॅट पाहायला येईल, त्याला अडवू नका. सुट्टीत गावी जाणार असाल तर किल्ली आणि अधिकार दोन्ही कोणाकडे तरी ठेवून जा.

मग येते काउंटर-नोटीस, म्हणजे फ्रीहोल्डरचं लेखी उत्तर. त्यात हक्क मान्य केलेला असतो आणि आकडा तुमच्या दुप्पट-तिप्पट असतो. घाबरू नका, तुम्ही खालून सुरुवात केलीत, त्याने वरून केली. पुढची बोलणी दोघा व्हॅल्युअरांची. तुम्ही मध्ये पडून फ्रीहोल्डरला फोन करून ‘एवढे तरी देतोच’ म्हणालात, तर स्वतःच्या माणसाचे हात बांधाल.

काउंटर-नोटीस दिलेल्या तारखेपर्यंत आलीच नाही, तर आनंद साजरा करण्याआधी कॅलेंडर काढा. त्या तारखेपासून सहा महिन्यांच्या आत काउंटी कोर्टात अर्ज केला तर तुमच्या नोटिशीतल्याच अटींवर लीज मिळू शकते. सहा महिने गेले की ती नोटीसही गेली.

## ९. दोन तारखा चुकवायच्या नाहीत

काउंटर-नोटीस आली पण सहमती होत नाही, तर ट्रायब्युनल. इंग्लंडमध्ये फर्स्ट-टियर ट्रायब्युनलचा प्रॉपर्टी चेंबर, वेल्समध्ये लीजहोल्ड व्हॅल्युएशन ट्रायब्युनल. अर्ज काउंटर-नोटिशीनंतर दोन महिन्यांनी करता येतो आणि सहा महिन्यांच्या आत करावाच लागतो. ‘बोलणी छान चालली आहेत, कशाला बिघडवा’ म्हणून थांबलेल्यांची नोटीस सातव्या महिन्यात आपोआप मागे घेतली गेल्याचं मानतात. नवी नोटीस मग बारा महिने देता येत नाही, फ्रीहोल्डरचा तोवरचा खर्च देणं आहेच, आणि एवढ्या काळात लीज ८० खाली गेली असेल तर पाचव्या टप्प्यातला दुसरा आकडा तुमचा. अर्ज केला म्हणजे भांडण झालं असं नाही. अर्जानंतरही बोलणी चालू राहतात आणि बहुतेक प्रकरणं सुनावणीआधीच मिटतात.

दुसरी तारीख अटी ठरल्यानंतरची. ठरल्यापासून दोन महिन्यांत नवी लीज सह्यांसह पूर्ण व्हायला हवी. नाही झाली तर त्यानंतरच्या दोन महिन्यांत कोर्टात अर्ज. आकडा ठरला की सगळे सैलावतात आणि बँकेचा कागद इथेच रखडतो.

तपासा: या तारखा फक्त सॉलिसिटरच्या डायरीत नकोत. स्वतःच्या फोनमध्ये प्रत्येकीच्या चार आठवडे आधीची आठवण लावा.

## १०. शेवटचे कागद

पैसे देण्याआधी नव्या लीजचा मसुदा वाचा. जुन्या अटींवर ९० वर्षं आणि ग्राउंड रेंट पेपरकॉर्न, एवढंच बदललेलं असावं. नव्या फी किंवा बंधनं दिसली तर ती का आली ते विचारा. ग्राउंड रेंट आणि सर्व्हिस चार्जची थकबाकी असेल तर ती चुकती होईपर्यंत फ्रीहोल्डर सही अडवू शकतो, म्हणून हिशेब आधीच मिटवा.

प्रीमियम ४०,००० पौंड किंवा जास्त असेल, त्यातही तुमच्या नावावर दुसरं घर असेल किंवा तुम्ही ब्रिटनबाहेर राहत असाल, तर स्टॅम्प ड्युटीचा प्रश्न सॉलिसिटरला लेखी विचारा. वेल्समध्ये कर वेगळा आहे, प्रश्न तोच.

पूर्ण झाल्यावर नवी लीज लँड रजिस्ट्रीत नोंदवली जाते. त्याला महिने लागू शकतात. नोंद झाली की टायटल रजिस्टरची नवी प्रत मागवून मुदतीची सुरुवात, एकूण वर्षं आणि मॉर्गेजची नोंद तिन्ही ताडून पाहा. पुढच्या तिमाहीत मॅनेजिंग एजंटने सवयीने जुन्या ग्राउंड रेंटचं बिल पाठवलंच, तर भरू नका. नव्या लीजची प्रत जोडून परत पाठवा.